राजाच्या गळ्यात गाढवाचा आवाज

"हा माझा शेवटचा खेळ," पडद्यामागे बाहुलीवाली वहिनीला म्हणाली. "डोक्याची पार चाळणी झालीय माझी."

चोविसाव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झालं, तेव्हापासून ती स्वतःच्या मेंदूवर खाष्ट सासूसारखी पाळत ठेवून होती. किल्ली विसरली? आजार. शेजारणीचं नाव ओठांवर अडलं? आजारच! कालच डॉक्टरीणबाईंनी सगळ्या चाचण्या घेऊन सांगितलं होतं, "स्मरणशक्ती छान आहे. दमलीस की विचार मंदावतो, तेवढं खरं. पण तुला वाटतं तेवढं बिघडलेलं नाही." पटलं तर शपथ!

"परवा साखर फ्रिजमध्ये ठेवली मी," तिनं वहिनीपुढे पुरावा ठेवला.

"मी लेकीला शाळेत सोडायला निघाले. अर्ध्या वाटेत कळलं, लेक घरीच!"

"तुझा विसराळूपणा गं, वहिनी."

"वा! माझा विसराळूपणा आणि तुझा तेवढा आजार? गुमान राजा घाल हातात."

पडदा सरकला. पोरांनी कल्ला केला. तिच्या उजव्या हातात राजा, डाव्यात गाढव. राजानं ऐटीत मान उंचावली आणि भसाड्या आवाजात गाढवाचं वाक्य फेकलं, "मालक, पाठ खाजवा ना!"

संपलं. आता सगळ्यांना कळणार.

"राजाच गाढव झाला!" पुढच्या रांगेतली चिमुरडी किंचाळली, आणि हॉलभर हशा फुटला. एक पोरगं तर हसता हसता खुर्चीवरून घरंगळलं. ते खिदळणं तिच्या अंगात शिरलं. डावा हात आपसूक वर आला आणि गाढव राजेशाही थाटात गरजलं, "प्रधानजी, या राजाला गवत टाका!"

प्रधान वहिनीच्या हातात. आणि वहिनीची पाटी कोरी!

"'जशी आज्ञा, गर्दभराज' म्हण!" बाहुलीवाली कुजबुजली.

"जशी आज्ञा, गर्दभराज!" प्रधान लवला. पोरं लोळायची तेवढी बाकी राहिली.

खेळ संपला. भिंतीला टेकून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"दमले गं. यापुढे सकाळचेच खेळ घेऊ. तेव्हा ताजी असते मी."

वहिनीनं बाहुल्या पेटीत ठेवता ठेवता भुवई उडवली. "यापुढे? शेवटचा खेळ ना हा?"

"कोण म्हणालं?"

"तूच!"

बाहुलीवालीनं पेटीतून राजा उचलला, हातात चढवला आणि गाढवाच्या आवाजात म्हणाली, "आम्हाला काही आठवत नाही बुवा!"