बटण कुणाच्या हाताचं

"सर, ते बटण मी दाबू?"

स्टेफी आणि ॲनिशा या मैत्रिणींनी पैजच लावली होती, सगळ्यांसमोर मोठ्या साहेबांना विचारून दाखव. आठवीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी प्रिस्का दहावीत आल्यापासून कुणाचं ऐकत नव्हती. तिनं विचारलं!

नदीकाठचं कोळशाचं वीजकेंद्र आज कायमचं बंद होणार होतं. कंट्रोल रूममध्ये कामगारांची कुटुंबं दाटीनं उभी होती. प्रिस्काचे डॅडी, लेस्टर, पॅनेलपाशी बसून शेवटच्या युनिटचा लोड हळूहळू खाली आणत होते.

साहेब मोकळं हसले. "अरे वा! होऊन जाऊ दे नव्या पिढीच्या हातानं. लेस्टर, द्या मुलीला जागा."

डॅडी उठले. क्षणभर खुर्चीची पाठ धरून राहिले, मग बाजूला झाले.

"लाल हाय ते, बाय. झाकण वर कर नि दाब."

तिनं दाबलं. मोबाईल वर झाले, टाळ्या पडल्या.

आणि पायाखालची यंत्रांची घरघर उतरू लागली. केंद्राच्या क्वार्टर्समध्ये जन्मलेल्या प्रिस्काला ती कधी ऐकूच आली नव्हती. जाऊ लागली तेव्हा कळली. टाळ्या आपोआप विरल्या.

"काय केलंस गो हे?" मागून भालचंद्रकाका पुटपुटले. डॅडींचे शिफ्टमधले जुने जोडीदार.

"काय झालं, काका?"

"युनिट पहिल्यांदा ज्यानं चालू केलं, शेवटचं बंदही त्यानंच करायचं. आमची रीत हाय ती. माती घरच्यानंच द्यायची ना? पहिलं बटण तुझ्या बापाचं होतं. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा त्याला."

"मग डॅडी बोलले का नाहीत?"

"चार लोकांत पोरीला नाही म्हणेल तो?"

प्रिस्काला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

संध्याकाळी मम्मी, कॅथरिन, फोन ठेवून धावतच बाहेर आली. "चर्चच्या पॅरिश कौन्सिलचा होता! रविवारी मिस्सा झाल्यावर तुझा सत्कार. व्हिडिओ अख्ख्या वसईत फिरतोय म्हणे!"

"चांगलं हाय की," डॅडी म्हणाले. त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवला होता. बघत मात्र नव्हते.

प्रिस्कानं टीव्ही बंद केला. घर इतकं गप्प तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

"मी सत्कार घेणार नाही," ती म्हणाली. "कौन्सिलला मीच फोन करते. सांगते, बटण डॅडींचं होतं. मी घेतलं."