डोसकाकांची लेक

"लहानपणी अँटिबायोटिक किती वेळा दिली होती?" डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढे ओढत विचारलं.

प्रश्न लेकीला होता, पण तिनं वडिलांकडे बोट दाखवलं. "ते बाबांना विचारा. आमच्या घरचे डॉक्टर तेच. सर्दीपायी माझी एक दिवसही शाळा बुडली नाही."

बाबा म्हणजे डोसकाका. औषधाच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटरमागे उभे राहिले, म्हणून गल्लीनं हे नाव चिकटवलं होतं. त्यांना त्याचा राग कधी आला नाही. मनातून ते सुखावतच.

"दिली असतील दोनचारदा," ते म्हणाले.

लेक आता तिशीची. कोपरांच्या आतली कातडी खाजवून खाजवून जाड झालेली, पर्समध्ये दम्याचा पंप, आणि पोट तर कळायला लागल्यापासून बिघडलेलं. आजवर त्वचेचे डॉक्टर वेगळे, छातीचे वेगळे, पोटाचे वेगळे. तिन्ही फायली एकत्र मागणाऱ्या या बाई पहिल्याच. लेकीच्या मांडीवर तिचं सात महिन्यांचं बाळ फायलीचा कोपरा चोखत होतं.

"आतड्यात चांगले जिवाणू असतात," बाई सांगू लागल्या. "कशाशी लढायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे लहानपणी शरीर त्यांच्याकडूनही शिकतं. सारखी अँटिबायोटिक पोटात गेली की त्यांची घडी विस्कटते. मग कुणाला पुरळ, कुणाला ॲलर्जी, कुणाला दमा, असं होऊ शकतं. छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. आणि तुमच्या बाबतीत तर दोनचारदाच."

"मग माझंच काहीतरी चुकत असणार," लेक म्हणाली. "मीच खाण्यापिण्याची आबाळ करते."

कुणी न विचारता दोष स्वतःकडे घ्यायची तिची सवय जुनी. लहानपणी आईच्या हातून कप फुटला तरी हीच म्हणायची, मी मध्ये आले. डोसकाकांना ते आठवलं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"दोनचारदा नाही," ते म्हणाले. "महिन्यातून एकदा तरी. गिऱ्हाईक अर्धी पट्टी न्यायचं, अर्धी उरायची. हिचं नाक वाहिलं की तीन दिवस, खोकला आला की पाच. गोळी चुरायची, साखरेत कालवायची. ही दहा वर्षांची होईपर्यंत."

"कुणी लिहून दिलं होतं?"

"कुणी नाही. गिऱ्हाइकाला मी चिठ्ठीशिवाय एक गोळी दिली नाही, बाई. हाकलून द्यायचो. घरात मात्र मला वाटायचं, मला कशाला हवी चिठ्ठी? हिची आई म्हणायची, दोन दिवस वाट बघू या. मी तिला हसायचो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो त्यांना इतकी वर्षं दिसला नव्हता.

बाईंनी आधीचा आकडा खोडला. "यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, काका. पण बरं झालं सांगितलंत." त्यांनी नवीन ओळ लिहिली. लेकीनं बाही कोपराखाली ओढून घेतली आणि फायली गोळा केल्या.

बाहेर रिक्षाची वाट पाहत दोघं बाकावर बसली. डोसकाकांना माफी मागायची होती, पण एवढ्या वर्षांची माफी कुठून सुरू करायची ते कळेना. तेवढ्यात बाळ शिंकलं. मग पुन्हा एकदा. त्याच्या नाकातून पाणी आलं.

डोसकाकांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. पूर्वी उरलेली पट्टी असायची त्या खिशात आता नुसता चष्मा होता. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण हाताला ते माहीत नव्हतं.

लेकीनं तो हात पाहिला.

"उन्हात बसू नका बाबा, इकडे सरका," ती हळू आवाजात म्हणाली. तिनं त्यांना आपल्या शेजारी सावलीत जागा करून दिली, आणि बाळाला उचलून पलीकडच्या खांद्यावर घेतलं.