दिवसा पळतं, सांजचं रांगतं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातली एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती, तर मी नारायणगावात सरळ चहाची टपरी टाकली असती. बिघाड काढणं अवघड नसतं हो. बिघाड आपल्यासमोर यायलाच तयार नसतो, ते अवघड. तुम्ही समोर बसलात की मशीन गुणी पोरासारखं चालणार, आणि तुम्ही गाडीला किक मारून घरी पोचलात की फोन वाजणार, "सुदर्शनभाऊ, परत तेच."

हा फोन जुन्नरहून खुशबूवहिनींचा. पेठेतल्या हस्तीमलशेठ कापडवाल्यांची सून. २००८चा पावसाळा. घराच्या पुढच्या खोलीत बसून वहिनी कॉम्प्युटरवर निमंत्रणपत्रिका तयार करायच्या. लग्नसराईत लग्नाच्या, आणि पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा दशक्रिया विधीच्या. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, त्यातली मराठी अक्षरं फक्त विंडोज ९८वरच नीट उमटायची. ते ९८वालं मशीन वळवाच्या विजेत जळालं. नवीन घेतलं त्यात व्हिस्टा, आणि व्हिस्टा त्या जुन्या सॉफ्टवेअरला दारातसुद्धा उभं करेना.

मग मी शहाणपणा केला. व्हर्च्युअल मशीन टाकून दिलं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर चालवायचा. एक चौकट उघडायची, तिच्यात ९८ सुरू होणार, आणि त्यात वहिनींचं सॉफ्टवेअर. दुपारी बसवलं, झकास पळालं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा छाती फुगवूनच घरी आलो.

संध्याकाळी फोन. एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत दुसरं काय दाबायचं होतं तेच विसरायला होतं.

आता वहिनींना वेळ मिळायचा तो संध्याकाळचाच. जैनांचं घर, जेवणं दिवस मावळायच्या आत. मागचं आवरलं की मग त्या कॉम्प्युटरवर बसणार. आणि मी जाणार दुपारी, कारण संध्याकाळी माझ्या दुकानात गर्दी. गेलो की बघावं तर मशीन सुसाट. पहिल्यांदा वाटलं, आतल्या मशीनला मेमरी जास्त दिलीय, बाहेरच्याला काही उरत नाही. कमी केली. संध्याकाळी फोन. मग वाटलं, अँटिव्हायरस आतल्या मशीनची भली मोठी फाइल परत परत तपासत बसतोय. त्याला गप केलं. संध्याकाळी फोन. मग व्हिस्टालाच शिव्या घातल्या, उडवलं आणि एक्सपी टाकलं. फोन. एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ओळखीच्या मास्तरांकडून लिनक्सची सीडी आणली, तेही टाकून बघितलं. आतलं मशीन तेच ठेवून बाहेरची सिस्टीम दोनदा बदलली, पण रडगाणं एकच. सांजचं व्होल्टेज पडत असेल म्हणून स्टॅबिलायझर लावला, तर स्टॅबिलायझर नुसताच टकटक करत बसला. वैताग आला मला! गाडीचं पेट्रोल जातंय, कंबर मोडतेय, आणि ते मशीन दुपारी माझ्याकडे बघून हसतंय.

वर त्या घरात उकाडा. चौमासा लागला की पंखा बंद. पंख्यात जीव मरतात म्हणून कस्तुरबाईंचा, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंचा, नेम. आजी कोपऱ्यात माळ घेऊन बसलेल्या असायच्या. कॉम्प्युटरकडे कधी मान वळवायच्या नाहीत, माझ्याशी कधी बोलायच्या नाहीत. मी घामानं निथळत कीबोर्ड बडवायचो.

अशात जानकूचं प्रकरण झालं. तळेघरच्या जानकूच्या आईच्या दहाव्याची पत्रिका वहिनींकडे होती. मशीन रांगत राहिलं, पत्रिका उशिरा निघाली. तिकडं डोंगरात एसटीचा भरवसा नाही, पत्रिका पायी वाटायच्या. पलीकडच्या वाडीत पत्रिका पोचली तोवर दहावा होऊन गेलेला. जानकू शेठांच्या कापडदुकानात आला, भांडला नाही काही. "सख्ख्या मामाला कळलं न्हाई, शेठ," एवढंच म्हणाला आणि गेला. लग्नाची तारीख गरज पडली तर पुढं ढकलता येते, दहाव्याची येत नाही. हस्तीमलशेठांची मान खाली गेली.

त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सुदर्शन, आता एक जरी पत्रिका चुकली ना, तर हे बंद. त्या खोलीत मी साड्यांचे गठ्ठे ठेवणार."

शेठ गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, या घरात माझं म्हणावं असं एवढंच आहे हो. बाकी सगळं कुणाची सून, कुणाची बायको. हे गेलं तर मी काय करू?" मग कोपऱ्याकडं बघत आणखी हळू, "मम्मींना तर हे नकोच आहे. एक शब्द बोलत नाहीत बघा."

मी म्हटलं, "बघू," आणि माझं मलाच ते खोटं वाटलं.

आठवडा झाला नसेल, अवसरी खुर्दच्या सावळेरामच्या वडिलांच्या दहाव्याची पत्रिका आली. सकाळी छापखान्यात द्यायची. मी दुकानाला कुलूप लावलं. म्हटलं, जाऊ दे गर्दी खड्ड्यात, आज संध्याकाळीच जाऊन त्याच्या उरावर बसतो.

गेलो तेव्हा जेवणं उरकली होती. बाहेर भुरभुर चाललेली, दिव्यावर पाखरं जमायला लागलेली. वहिनींनी काम सुरू केलं. थोडा वेळ बरं चाललं. मग अक्षरं अडखळायला लागली, आणि कीर्तनकाराच्या नावापर्यंत येईतो सगळं ठप्प.

"बघा!" वहिनी जवळजवळ ओरडल्याच. "मी खोटं बोलत होते का?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. सापडला बेटा! बघितलं तर प्रोसेसर पूर्ण जोरात राबतोय. ते ठीकच, ९८ला आत रिकामं बसताच येत नाही, काम असो नसो ते प्रोसेसरला दमवतच राहतं. पण मग दुपारी का नाही? सहज पायाशी ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हात टेकला आणि झटकन मागं घेतला. तवा झाला होता तवा! प्रोसेसर एवढा तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग पाडतो. मी तो डबा भिंतीपासून पुढं ओढला.

मागच्या जाळीवर, मशीन गार ठेवणाऱ्या पंख्याच्या तोंडावर, पांढरं स्वच्छ फडकं. चार पदरी, नाडीनं नीट बांधलेलं. पाणी गाळायला हंड्यावर बांधतात तसलं.

वहिनी फडक्याकडं बघत राहिल्या. चेहरा लालबुंद. "मम्मी, हे तुम्ही केलंत? एवढं नको होतं तर तोंडानं सांगायचं! जानकूच्या मामाला कळलं नाही ते यामुळं. मला तीन महिने रडवलंत!"

आजींनी माळ खाली ठेवली. त्या उठून आल्या, फडक्याला हात लावून बघितलं. "यानं अडत व्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो आजी. हवा कोंडते."

त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "चौमासात दिव्यावर जीव येतात. या पंख्यात कापले जातात, मी बघितलं, खाली पंखांचा चुरा पडला व्हता. म्हटलं, ही पोर रोज हितं बसते. याचं पाप कुणाच्या नावावर? हिच्याच ना? म्हणून दिवस मावळताना फडकं बांधायची, सकाळी सोडायची. त्यावर बसलेले जीव जाईच्या वेलाखाली झटकून द्यायची. कुणाला मारायचं नाय, अडवायचंबी नाय, एवढंच."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस. लई मानी हायेस तू. ते नको व्हतं मला." आजी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. पण पत्रिकेच्या खाली बारीक अक्षरात हिचं नाव असतं, ते कुठं असतं मला ठाऊक हाये. प्रत्येक पत्रिकेवर मी बोट लावून बघते."

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही उगाच मागच्या वायरी नीट करत बसलो. जिच्यावर आमचा संशय होता, तीच तेवढी रोज संध्याकाळी तिथं वाकत होती.

फडकं सोडलं, खोलीतला दिवा घालवला. वहिनींनी स्क्रीनच्या उजेडात पत्रिका पुरी केली, आणि तेवढा वेळ आजी मशीनमागं बसून पदरानं पाखरं हाकत राहिल्या. सावळेरामच्या वडिलांचा दहावा सगळ्या सोयऱ्यांनिशी पार पडला.

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, तिला मच्छरदाणीचं कापड ताणून लावलं आणि अख्ख्या डब्याभोवती वीतभर अंतर सोडून बसवली. हवा आत-बाहेर, पाखरं बाहेरच. आजींनी जाळीला तळहात लावून बघितलं. "वारा ओढत नाय ना जीवाला?" "नाय ओढत," मी म्हटलं. मग मी घरी आलो आणि पाठ टेकली.

संध्याकाळी फोन. वहिनी! "परत तेच?" मी ओरडलो.

"नाही हो, मस्त पळतंय. मम्मींना तुम्हाला काही विचारायचंय."

आजी पहिल्यांदाच फोनवर माझ्याशी बोलल्या. "भाऊ, तुमी म्हनता ना, या कॉम्प्युटरच्या आत दुसरा हाये. ही त्याच्यातच लिहिते. त्या आतल्याला पंखा हाये का?"

सांगायला गेलं तर लांबण लागली असती. आतलं सगळं खोटं, ते बाहेरच्याच जिवावर चालतं, बाहेरच्याच पंख्यावर. पण मी लई दमलो होतो, आणि त्यांनी विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर सरळ होतं.

"नाही आजी. आतल्याला पंखाच नाही."

"अस्सं." पलीकडून त्यांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. मग फोन तसाच हातात धरून त्या सुनेला म्हणाल्या, "बस गं निवांत. आतल्यातच बस."