बंद खोलीतली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, आणि माझ्यामुळे एकदा दोन माणसं जाता जाता राहिली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या माझ्या कौतुकाला तुम्ही भुलणार नाही.

माझा जन्म मझौलीच्या बाजारात झाला. तेलाच्या पिपाचा तळ कापून एका लोहारानं मला घडवलं, आत जाळी बसवली, बाहेरून दोन कड्या लावल्या. जबलपूरच्या फॅक्टरीत कामाला असलेल्या नीलकंठरावांनी मला बसच्या टपावर टाकून जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात आणलं. घर मराठी, ख्रिस्ती. नाताळ जवळ आला की माझी चैन असायची. अंगणात माझ्यावर करंज्या तळल्या जायच्या. कॅरल गात फिरणारी मंडळी आधी माझ्याभोवती हात शेकायची आणि मग गायला लागायची. नीलकंठरावांच्या पत्नी सत्यवतीबाई म्हणायच्या, अख्ख्या मोहल्ल्यात अशी शेगडी नाही. मी फुगून जायची. नीलकंठराव मात्र मला ओळखून होते. त्यांनी मला पेटती असताना एकदाही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

मग गॅस आला, हीटर आला, आणि नीलकंठराव देवाघरी गेले. मी जिन्याखाली जाऊन पडले. अंगावर गंज चढला. पोटात कोणीतरी नारळाच्या करवंट्या भरून ठेवल्या. तेव्हा मला फार वाईट वाटायचं. आता वाटतं, तिथेच बरी होते.

दोन वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर. सत्यवतीबाई धाकट्या मुलाकडे, आलोककडे राहायच्या. आलोकची बायको प्रतिमा शाळेत शिकवायची. अंगणाच्या पलीकडे थोरली जाऊ लतिका राहायची. दरवर्षी दोघी जावा मिळून केकचं पीठ कालवायच्या आणि डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायच्या. त्या वर्षी प्रतिमाला श्वास घ्यायला सवड नव्हती. शाळेचे पेपर, चर्चमधलं लहान मुलांचं नाटक, घरचे पडदे, पाहुण्यांच्या गाद्या. तिनं कोणाला न विचारता नेपियर टाउनच्या एका दुकानात केक सांगून टाकला. इकडे लतिकेनं महिनाभर आधीपासून मनुका भिजत घातल्या होत्या. ती वाडगा घेऊन आली, तर प्रतिमा म्हणाली, तुमचा केक तसाही दरवर्षी करपतोच ना दीदी.

लतिका वाडगा घेऊन परत गेली. त्यानंतर चार दिवस दोघींनी अंगण वेगवेगळ्या वेळी झाडलं.

या घरात एक रीत होती. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, घ्यायच्या आधी ज्याच्याशी बिनसलं असेल, त्याच्या दारी आपण स्वतः जायचं. निरोप धाडलेला चालत नसे, फोनही चालत नसे. चोवीस तारखेला दुपारी सत्यवतीबाईंनी सुनेला एवढंच विचारलं, "उद्या प्रभुभोजन आहे. लतिकेच्या दारी तू जाशील का मी जाऊ?"

"जाते न आई. अभी कित्ती कामं पडून राहिली, पाहून राहिल्या न तुम्ही," प्रतिमा म्हणाली, आणि पुन्हा पडद्यांना लागली.

त्या दिवशी वीज गेलेली होती. ऊन पडलंच नाही. तीन वाजताच सत्यवतीबाईंचे गुडघे थंडीनं आखडले, त्या कुडकुडू लागल्या. आलोक चर्चवर नाताळची चांदणी टांगायला गेला होता. प्रतिमानं मला जिन्याखालून ओढून काढलं, अंगणात लाकडी कोळसा पेटवला आणि धूर पूर्ण जाईपर्यंत वाट पाहिली. निखारे लालबुंद झाल्यावर तिनं मला कड्यांना धरून उचललं आणि खोलीत आणलं. धूर नाही म्हणजे भीती नाही, असं तिला वाटलं. बरीच शहाणी माणसंही इथेच फसतात.

तिनं दार लावलं, खिडकी लावली. वरच्या झरोक्यातून वारा येत होता, तिथे जुनी साडी कोंबली. सासूबाईंच्या अंगावर रजई घातली आणि पलंगाला टेकून खाली बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. मी छान तापले होते. इतक्या वर्षांनी घरात घेतलं, म्हणून मला आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू? पण माझा श्वास, कोळशाचा तो विषारी वायू, सुरू होता. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो मला थांबवता येत नाही.

आधी सत्यवतीबाईंचं कण्हणं थांबलं. आईंना झोप लागली म्हणून प्रतिमाला बरं वाटलं. तिचंही डोकं जड झालं होतं. दमले आहे, दुसरं काय, असं म्हणून तिनं हात जोडले.

"प्रभू, कित्ती शांत वाटून राहिलं," ती पुटपुटली.

मित्रांनो, ती शांती देवाची नव्हती. माझी होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लोखंडाला कुठली वाचा?

ती रोजची प्रार्थना म्हणू लागली. शब्द लांबत चालले. दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली आणि ती अडली. लतिकेचा परत जाणारा वाडगा तिला दिसला असावा. तिनं ओळ पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच अडली. उद्या चर्चमध्ये बोलीन, असं ती स्वतःशी म्हणाली. तिची मान खाली गेली. माझे निखारे अजून तासभर पुरणार होते.

बराच वेळ गेला. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "नाही प्रभू. जाऊन येते."

उभं राहायला गेली तर पाय गेले. ती भिंतीला धरून, मग चक्क रांगत दाराशी पोचली. कडी दोनदा हातातून सुटली. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि ती उंबऱ्यावर आडवी झाली. पलीकडे लतिका दोरीवरचे कपडे काढत होती. ती धावत आली. प्रतिमा अडखळत म्हणाली, "दीदी, माझं चुकलं."

"ते राहू दे. आई कुठं आहेत?"

प्रतिमानं आत बोट केलं. लतिकेनं नाकाला पदर लावला, पलंगावरून सासूबाईंना रजईसकट ओढून अंगणात आणलं. त्यांचे ओठ हलत नव्हते. लतिका त्यांचे गाल थोपटत हाका मारत होती, शेजारी ऑटो आणायला धावले होते. मग सगळे गेले. उघड्या दारातून वारा येत होता आणि मी रिकाम्या खोलीत एकटीच जळत राहिले. तिकडे इस्पितळात काय घडतंय, हे मला कोणी सांगत नव्हतं. तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

बाकीचं मला नंतर बोलण्यातून कळलं. सत्यवतीबाईंनी पहाटे डोळे उघडले. आणखी अर्धा तास गेला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. नाताळच्या सकाळी चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन इस्पितळातच आले. घराचे पडदे अर्धे लटकत होते, केक दुकानातच राहिला होता. प्रतिमानं लतिकेचा हात धरून प्रभुभोजन घेतलं. म्हणे, इतकं निवांत तिला महिनाभरात वाटलं नव्हतं, आणि या वेळी तिचं डोकं ठिकाणावर होतं.

सत्यवतीबाई अजून कधीकधी नावं विसरतात. तेवढं माझ्या पदरी कायमचं पडलं आहे. आलोक मला भंगारात देणार होता. प्रतिमानं नको म्हटलं. तिनं मला अंगणात चाफ्याखाली ठेवलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती माझी गोष्ट सांगते आणि मी ऐकून घेते.

मित्रांनो, थंडीत मला जरूर पेटवा. मी जीव ओतून ऊब देईन. पण मला घेऊन दार लावून बसू नका, आणि कोणाच्या दारी जायचं राहिलं असेल तर सणाची कामं तशीच टाकून आधी तिकडे जा. त्या दिवशी प्रतिमानं सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर चर्चवरून परतलेल्या आलोकला त्या रात्री ते दार बाहेरून तोडावं लागलं असतं.