कपाटात ठेवलेला फोटो

दादाने फ्रेम टेबलावर ठेवली आणि मला तेव्हाच कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय. फोटो तोच होता: दुकानातल्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले बाबा, चष्मा कपाळावर. पण मी दिला तेव्हा त्याचा कागद पांढराशुभ्र होता. हा तर जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा.

या फोटोला बक्षीस मिळालं तेव्हा दादा म्हणाला होता, "बाबांचं चारचौघांत हसं केलंस." मी फ्रेम त्याच्या पुढ्यात टाकून घराबाहेर पडले, ती पुढे फक्त लग्नकार्यांपुरती आले. आता बाबा नाहीत. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा माझ्याकडची मूळ फाइलही गेली. उरला तो हा एकच फोटो. प्रदर्शनासाठी हवा होता, आणि खरं सांगायचं तर प्रदर्शन नसतं तरी हवा होता.

"कुठे ठेवला होतास?"

"कपाटात. चादरीत गुंडाळून. एकदाही तोंड पाहिलं नाही त्याचं." हे सांगताना त्याची मान ताठ.

इथेच सापडला, मला वाटलं. फोटो छापणं हा माझा धंदा. त्या कागदात जास्त पांढरं दिसावं म्हणून एक रसायन घातलेलं असतं. उजेडात ते हळूहळू मरतं आणि कागद पिवळा पडतो. बंद कपाटात त्याला सहसा काही होत नाही. कपाट दमट असतं तर बुरशीचे ठिपके पडले असते. ठिपका एकही नव्हता. म्हणजे हा कागद माझा नव्हेच. खरा फोटो दाबून ठेवून साहेबांनी कुठून तरी काढलेली स्वस्तातली नक्कल माझ्या गळ्यात मारली होती. आणि म्हणे सख्खा भाऊ!

"दादा, खरा फोटो कुठे आहे?"

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

वहिनी दारातूनच म्हणाली, "अगं, उघडून बघ ना. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" दादाने तिच्याकडे असं काही पाहिलं की माझा संशय आणखीच पक्का झाला.

मी फ्रेमच्या मागचे बारीक खिळे उपसले, पुठ्ठा उचलला. फोटोच्या पाठीवर माझीच सही होती. उलटा करून पाहिला, तर समोरच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकलेली दोन बोटं रुंद कड अजून पांढरीशुभ्र. बाकीचा सगळा पिवळा.

म्हणजे उजेड. भिंतीवर, वर्षानुवर्षं. मी दादाच्या दानतीवर संशय घेतला, कागदावर घेतला. फक्त त्या कपाटावर घ्यायचा राहिला होता. भांडायची केवढी तयारी करून आले होते मी!

दादा खिडकीबाहेर बघत होता. वहिनी केव्हाच आत निघून गेली होती.

"कपाटच वाईट असणार," मी म्हटलं. "असतात काही तशी."

"असतात," तो म्हणाला.

"यावरून तुला नवा काढून देते. या वेळी सुती कागदावर. त्यात ते रसायन नसतं, असा पिवळा पडायचा नाही."

मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "समोरून ऊन येत असलं, तरी?"