पाण्यात हरवणारी थाळी

मी एक जुनी थाळी आहे, पण माझ्यात आजवर कुणी जेवलेलं नाही. एका खेकड्याने एकदा बैठक मारली होती, पण घास घ्यायच्या आत तोच कुणाचा तरी घास झाला. तेव्हा तो काही धरायचा नाही.

मित्रांनो, माझा जन्म बंदराजवळच्या एका लेथच्या दुकानात झाला. जाड पत्रा, गोल कापलेला, मधोमध भोक, आणि बुडताना हेलकावे खाऊ नये म्हणून पोटाखाली शिशाचा गोळा. लेथवाल्याला वाटलं, मी कुठल्यातरी मोठ्या पातेल्याचं झाकण असणार. "हँडल राहिलं की हो याचं," असं तो दोनदा म्हणाला. मग मला पाट्या रंगवणाऱ्याकडे नेलं. चार भाग कर, दोन पांढरे, दोन काळे, एवढंच त्याला सांगितलं होतं. त्याने रंगवलं आणि विचारलं, वर काय लिहू? काहीच लिहायचं नाही म्हटल्यावर बिचाऱ्याचा हात शिवशिवायला लागला. उभा जन्म पाट्यांवर अक्षरं काढण्यात गेलेला माणूस, रिकामं सोडवेना. शेवटी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने माझ्या पाठीवर एक बोटभर मासा काढला. तो मासा माणसांपैकी फारसा कुणी पाहिला नाही. समुद्रात मात्र सगळ्यांनी पाहिलाय.

मला घेऊन गेल्या त्या बाई. समुद्राच्या अभ्यासाचं एक केंद्र होतं, कौलारू, तीन खोल्यांचं. एका खोलीत काचेच्या बरण्या, दुसरीत सूक्ष्मदर्शक, आणि तिसरीत बाईंचे ओले बूट. बाई तिथल्या शास्त्रज्ञ. त्यांची होडी चालवायचा तो भोंगा. हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्याने घरात हाक मारली की धक्क्यावरचे पक्षी उडायचे, म्हणून सगळं बंदर त्याला भोंगा म्हणायचं.

माझं काम सोपं होतं. हरवायचं. ऊन डोक्यावर आलं की होडी खाडीच्या तोंडाशी न्यायची, सावलीच्या बाजूने मला दोरीने हळूहळू पाण्यात सोडायचं. बाई काठावरून वाकून बघायच्या. मी खाली खाली जायची, आधी हिरवट दिसायची, मग धूसर, मग दिसेनाशी. तेव्हा बाई म्हणायच्या, "गेली." मग दोरी जरा वर ओढायची. मी पुन्हा दिसले की म्हणायच्या, "आली." दोरीला हात हात अंतरावर रंगीत दोरे बांधलेले होते, त्यावरून मी किती खोलवर दिसले ते कळायचं. झालं. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्याविषयी बोलले गेलेले शब्द हे दोनच. तुमच्याविषयी घरात किती बोलतात, विचार करा.

आता थाळी बुडवून काय मिळतं, असं विचाराल. भोंग्यानेही पहिल्या दिवशी विचारलं होतं. पाणी जितकं स्वच्छ, तितकी मी खोलवर दिसणार. मी जिथवर दिसते तिथवर उजेड भरपूर पोचतो. उजेडावर समुद्रातलं गवत वाढतं, डोळ्यांना न दिसणारी तरंगती झाडं वाढतात. त्यांच्यावर कोळंबी जगते, कोळंबीवर मासे, गवतावर कासवं. म्हणजे सगळ्या खाडीच्या जेवणाचा अंदाज या रिकाम्या थाळीवरून यायचा. बाईंनी असं सांगितल्यावर भोंगा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागला. निदान माझ्यावर पाय ठेवायचा थांबला.

खाली मी काय काय पाहिलं म्हणून सांगू. एकदा एक ऑक्टोपस माझ्या प्रेमात पडला. आठही हातांनी मिठी मारली आणि मला बरं वाटावं म्हणून अंगावर दोन काळे, दोन पांढरे चतकोर उठवले. तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या, पण त्या दिवशी भोंग्याला दोरी ओढताना घाम फुटला होता हे खरं. एका म्हाताऱ्या कासवाने मला जेलीफिश समजून चोच मारली. ती खूण अजून माझ्या कडेला आहे. पुढे ते जेव्हा जेव्हा भेटायचं, तेव्हा मान वळवून जायचं. लाजायचं बिचारं. आणि एकदा एक देवमासा येऊन थांबला. त्याचा डोळा माझ्याएवढा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आधी पापणी कोण मिटतो ते. मी जिंकले. मला पापण्याच नाहीत.

बाईंचे नियम कडक होते. बघणारे डोळे कायम एकाच माणसाचे. आज एकाने बघितलं, उद्या दुसऱ्याने, तर फरक पाण्यात पडला की डोळ्यांत, ते कसं कळणार? आणि त्या बघत असताना होडीत कुणी बोलायचं नाही. सुरुवातीला भोंगा म्हणायचा, आता जाईल बघा, गेलीच. बाई म्हणाल्या, कानाने ऐकलं की डोळ्याला तेच दिसतं. तेव्हापासून भोंग्याने दोरी सोडायची ती तोंड दुसरीकडे करून आणि मिटून. मित्रांनो, बंदरातला सगळ्यात मोठा आवाज, आणि त्याला माझ्यापायी मुकाट बसावं लागायचं.

कितीतरी वर्षं असंच चाललं. भोंग्याची बायको, तिला बाई वहिनी म्हणायच्या, रोज चहाचा थर्मास द्यायची, वर दोन पेले. बाईंनीच वहिनीला नवा उद्योग सुचवला होता. तरंगत्या पिंपांना दोर बांधून खाली सोडायचे, त्यावर शिंपले वाढतात. शिंपले पाणी गाळून त्यातलं खातात, म्हणजे पाणीही निवळतं. वहिनीने पाच दोर लावले, मग पन्नास. तिच्या जावा-नणंदा आल्या, आणि खाडीत पिंपांची रांग लागली.

आणि मग बाई लवकर "गेली" म्हणायला लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, घाई असेल. मी तर अजून चांगली वर होते. मला बाईंची टोपी दिसत होती, कपाळावरची आठी दिसत होती. मी त्यांना दिसत नव्हते. पुढच्या खेपेला तेच. महिन्यामागून महिने मी कमी कमी खोल जायला लागले. बाई चष्मा पुसायच्या, पुन्हा बघायच्या, आणि उदास व्हायच्या. पाणी गढूळ होतंय, असं त्यांनी बंदराच्या कचेरीला कळवलं. कशामुळे? नवीन काय झालंय खाडीत? शिंपल्यांचे दोर. फार दाटी झाली असेल, घाण साचत असेल. बाईंना ते लिहिताना आनंद झाला नाही, पण आकडे होते, आणि आकड्यांपुढे त्या कुणाची भीड धरत नसत. बंदराच्या कचेरीत सभा ठरली. बाईंचा शब्द प्रमाण धरून सगळे दोर काढायचे होते.

त्या दिवसापासून थर्मासवर एकच पेला यायला लागला. भोंगा स्वतः न पिता तो बाईंना द्यायचा. बाई म्हणायच्या, मला नको आज. चहा तसाच परत जायचा.

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगते. भोंग्याला ठाऊक होतं. तोंड दुसरीकडे असलं तरी तिरक्या डोळ्याने तो बघायचा, आणि बाई "गेली" म्हणायच्या तेव्हा मी त्याला लख्ख दिसत असायची. धक्क्यावर गोड्या पाण्याने मला धुताना तो माझ्याशी बोलायचा. त्याच्यासाठी हळू, म्हणजे दोन होड्यांपलीकडे ऐकू जाईल एवढंच. म्हणायचा, "सांगितलं तर बाईंचं समुद्रावर येणं बंद होईल. त्यांना दुसरं आहे काय? नाही सांगितलं तर आमच्या घरचं सगळं जाईल. तूच काय ते कर गं." मी काय करणार? मी जीव तोडून चमकायची, एवढंच माझ्या हातात. म्हणजे हातही नाहीत मला.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं मोजायला गेलो. पाणी असं स्वच्छ होतं की मला बाईंच्या चष्म्यातलं आकाश दिसत होतं. भोंगा पाठ करून बसला. दोरी थोडी सुटली, बाई म्हणाल्या, "गेली."

भोंगा दोरी ओढेना.

"ओढ ना," बाई म्हणाल्या.

"नाही गेली, बाई."

"तू तिकडे तोंड करून बस."

"बसलो की. इतकी वर्षं बसलो. आता मान दुखायला लागली."

बाई पुन्हा पाण्याकडे वाकल्या. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून दिसतेय तुला?"

"दोन वर्षांमागे तुमची धक्क्यावरची पायरी चुकली होती ना, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, होडीत बोलायचं नाही."

मला वाटलं, आता बाई रागावणार. त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "सोड दोरी. तुला दिसेनाशी होईपर्यंत सोड."

आणि मित्रांनो, दोरी सुटत गेली. लाल दोरा गेला, पिवळा गेला, निळा गेला. इतक्या खोल मी फार दिवसांत गेले नव्हते. तिथे गवत डोलत होतं, पूर्वीपेक्षा उंच, आणि त्यात माझं ते लाजरं कासव चरत होतं. म्हणजे उजेड तिथवर पोचत होता. वर पाहिलं तर होडी एका अंगाला कलली होती, कारण दोघंही एकाच काठावरून वाकली होती. त्यांचे चेहरे मला दोन ठिपक्यांएवढे दिसत होते, मग तेही विरघळले. वरून भोंग्याचा आवाज आला, जन्मात पहिल्यांदा खरंच हळू. "गेली."

दुसऱ्या दिवशी बाई मला काखेत मारूनच सभेला गेल्या. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी स्वच्छ आहे. गढूळ झाले ते माझे डोळे. माझे दोन वर्षांचे आकडे खोडा आणि दोर राहू द्या." कुणीतरी हसलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, आता तरी तुमचं खरं कशावरून? बाई म्हणाल्या, माझं नकोच, तुम्ही चला. तिघं साहेब होडीत बसून आले. एकाला बोट लागली, तो पाण्याकडे वेगळ्याच कारणाने वाकला, पण त्यालाही मी दिसले. दोर राहिले.

बाईंच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. काळा चष्मा लावून त्या परत आल्या, मला हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ही एवढी पांढरी होती?" त्या दिवशी थर्मासवर दोन पेले होते. आणि नियम बदलला. बघायचं दोघांनी, आणि आकडे लिहायचे दोघांचे.

पुढे मोजायची यंत्रं आली. ती तारेने खाली जातात आणि स्वतःच आकडे देतात. त्यांना ऑक्टोपस मिठी मारत नाहीत, मी विचारलंय. आता मी केंद्राच्या पडवीत पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून असते. लेथवाल्याचं शेवटी खरं झालं. माझ्यावर मांजर झोपतं, रंग उडालाय, पाठीवरचा मासा मात्र शाबूत आहे. पिंपातल्या पाण्याकडे तोच बघत असतो.

कधी संध्याकाळी बाई काठी टेकत येतात आणि मांजराला उठवून रुमालाने मला पुसतात. भोंगा आधीच बाकावर येऊन बसलेला असतो. आता डोळे त्याचे अधू झालेत, औषधाने न सुधारणारे. दोघं बाहेर जाणाऱ्या होड्या बघत बसतात. परवा वहिनीच्या मुलीची होडी निघाली होती. जरा वेळाने भोंगा म्हणाला, "गेली."

"नाही गेली," बाई म्हणाल्या. "मला दिसतेय अजून. लाल शीड आहे, ती उभी आहे, हात करतेय."

भोंग्याने त्या दिशेला हात केला. थोडा चुकला. बाईंनी त्याचा हात धरून बरोबर दिशेला वळवला.

मित्रांनो, मला कधी पुसलंत तर बरं वाटेल. आणि दुसरं एक मागणं आहे. एखादी गोष्ट दिसेनाशी झाली तर लगेच "गेली" म्हणू नका. शेजारी जो बसला असेल, त्याला आधी विचारा. आणि शेजारी तुम्ही असाल, तर तोंड वळवून बसू नका.