फडताळाची वाट

वेंडेलने नकाशा काउंटरवर पसरला, वर उचलणाऱ्या कडांवर खिळ्यांची दोन खोकी ठेवली आणि जाड लाल पेनाने डोंगराच्या कुशीत एक गोल काढला.

"इथे," तो म्हणाला. "अलीकडे कुठेही वेळ दवडू नका."

मिनेसोटाहून आलेले दोघे भाऊ नकाशावर वाकले. दोघेही पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराच्या, शिकारीला निघाले होते. तेही धनुष्यबाण घेऊन, सरकारी रानात, वाटाड्या न घेता. हिवाळाभर त्यांनी घरी बसून संगणकावर आयडाहोचे डोंगर पालथे घातले होते आणि त्यातून त्यांना एवढंच कळलं होतं, की डोंगर पुष्कळ आहेत.

"गाडी लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याच्या टोकाला लावा. ओढा ओलांडलात की ओढ्याने वर जाऊ नका, उजवीकडची डोंगराची धार धरा. चढ जीव काढेल, काढू दे. सकाळी वारा डोंगरावरून खाली वाहतो, तोवर तुम्ही कळपाच्या खालच्या अंगाला. ऊन तापलं की तोच वारा वर चढायला लागतो, त्याच्या आत तुम्ही कळपाच्या वर पोचलेले हवेत. एल्कला माणूस दिसला तर तो क्षणभर विचार करतो. वास आला तर विचारबिचार काही नाही, पार दुसऱ्या डोंगरावर."

धाकटा भरभर लिहून घेत होता. थोरल्याला राहवलं नाही.

"तुम्ही हे सगळं आम्हाला का सांगताय? लोक तर म्हणतात, इथे कुणी किती वाजले तेसुद्धा खरं सांगत नाही."

"वय झालं बाबा माझं. वर घेऊन जाऊ का हे?"

दोघे भारावून गेले. जाताना त्यांनी गरज नसताना दोरीचं एक अख्खं भेंडोळं विकत घेतलं.

"तुझा पुतळा बसवतील रे हे लोक," गल्ल्यामागून जोनी म्हणाली. हार्डवेअरचं दुकान तिचं होतं. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून वेंडेल सकाळच्या वेळी तिथे मदतीला बसायचा. "एवढा चांगला माणूस कधीपासून झालास?"

वेंडेल नुसता हसला. चांगुलपणाचा त्यात लवलेश नव्हता. तो सूड उगवत होता, आणि इतका गोड घास त्याने आयुष्यात कधी चाखला नव्हता.

ती जागा त्याला आणि लायलला ऐन तारुण्यात वाट चुकल्यामुळे सापडली होती. कड्यांच्या आड लपलेलं हिरवं खोरं, मध्ये झरा, नरांना लोळायला चिखलाची डबकी. कधीही उघडावं तर काहीतरी हाताला लागायचंच, म्हणून दोघांनी तिचं नाव फडताळ ठेवलं. आणि पहिला एल्क पाडला त्या संध्याकाळी रक्ताने माखलेले हात हातात घेऊन एकमेकांना शब्द दिला: कुणाला सांगायचं नाही. बायकांना नाही, पुढे मुलं झाली तर मुलांनाही नाही.

वेंडेलने तो शब्द पाळला. त्याचा मुलगा कर्टिस हाताशी आला तेव्हापासून दर सप्टेंबरात मागे लागायचा. वेंडेल त्याला न्यायचा, नाही असं नाही. पण भलत्याच उतारांवर, जिथे एल्कचं पाऊलही पडत नाही. दिवस दिवस पोराच्या शेजारी दगडावर बसायचा आणि पुढच्याच आठवड्यात लायलबरोबर जाऊन शिंगं घेऊन यायचा. पोरगं ती शिंगं बघायचं. एका वर्षी कर्टिसने धनुष्य गॅरेजच्या खुंटीला टांगलं ते पुन्हा काढलंच नाही. तो ओहायोला कारखान्यात लागला. नाताळात फोन करायचा, हवापाण्याचं बोलायचा.

आणि लायलने काय करावं? जावयाला फडताळात नेलं. ज्याला बाणाचं कुठलं टोक पुढे हे सांगावं लागे, असल्या जावयाला! खानावळीच्या भिंतीवर जावयाचा फोटो लागला, पायाशी मोठा नर, आणि वेंडेलने हातातला चमचा तसाच ठेवून त्याच्या पाठीमागचा कडा ओळखला. "मुलीने गळ घातली रे. एकदाच नेलं," लायल म्हणाला. ते 'एकदाच' वेंडेलच्या घशात हाडासारखं अडकलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं, आणि वेंडेल दुकानात येईल त्याला फडताळाची वाट सांगत सुटला.

ऑगस्टच्या अखेरीस लायल स्वतः दुकानात आला. गुडघ्याने लंगडत होता. जोनीने मागच्या खोलीत काहीतरी काम काढलं.

"वर जाऊन आलो," लायल म्हणाला. "रस्त्याच्या टोकाला गाडी लावायला जागा नाही."

"अरेरे."

"एकजण झऱ्यात साबण लावून अंघोळ करत होता."

"स्वच्छ राहतात बिचारे."

लायलने टोपी काढली, पुन्हा घातली. "कळप गेला, वेंडेल. धार ओलांडून पलीकडच्या खाजगी कुरणांत. खुराचा एक ताजा ठसा नाही, विष्ठा नाही, काही नाही. आता आपल्या हयातीत तरी ते परत येत नाहीत."

"सरकारी रान आहे. सगळ्यांचं."

"तुझंही होतं की रे, गाढवा."

"माझं होतं ते तू त्या जावयाला वर नेलंस तेव्हाच संपलं. मी माझ्या पोटच्या पोराला नेलं नाही, लायल. शब्द दिला होता म्हणून!"

"मग न्यायचं होतंस. मी काय तुझ्या दारात पहारा देत होतो?"

वेंडेलचा चेहरा लालबुंद झाला. लायल काही न घेता निघून गेला.

पण दुपारपर्यंत वेंडेलचा राग निवळला आणि नुसता आनंद उरला. लायलचा तो पडलेला चेहरा आठवून त्याने खानावळीत सॉसेजच्या रश्श्यात बुडवलेले मऊ पाव दोनदा मागून खाल्ले. फडताळ रिकामं झालं तर होऊ दे. लायल वर गेला की त्याला माणसंच दिसली पाहिजेत, मरेपर्यंत.

म्हणून पुढच्या आठवड्यात एक उंच, अबोल माणूस नकाशा घेऊन काउंटरशी उभा राहिला तेव्हा वेंडेलने त्यालाही तितक्याच प्रेमाने सगळं सांगितलं. गाडी कुठे, धार कुठली, वारा कसा. कळप उठून गेल्याचं तेवढं सांगितलं नाही. लाल गोल काढून त्याने पेनाला टोपण लावलं.

तो माणूस इतरांपेक्षा जरा जास्त वेळ त्या गोलाकडे बघत राहिला.

"म्हणजे खरंच सांगता तुम्ही."

"दारात येईल त्याला सांगतो."

"तो म्हणालाच होता."

"कोण?"

"आमचा सुपरवायझर. मी ओहायोचा. तो मूळचा इथला, म्हणून त्याला विचारलं, एल्कला कुठे जाऊ? तर म्हणाला, मला कधी कळलं नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात एक म्हातारा बसतो, तो अख्ख्या देशाला सांगतोय असं ऐकलंय. मी म्हटलं, मग तूच विचार की. म्हणाला, माझं विचारून झालंय. कर्टिस नाव त्याचं."

वेंडेलने खिळ्यांचं एक खोकं उचललं आणि होतं तिथेच परत ठेवलं. नकाशाची कड गुंडाळत वर आली.

"तो येणार आहे?" त्याने विचारलं.

"मी फोन करून जागा खरी आहे म्हणालो, तर रजा टाकून निघेन म्हणालाय. धनुष्य नवीन घेतलंय त्याने. रोज कारखाना सुटला की सराव करतो."

वेंडेलने नकाशावर हात ठेवला. गोल त्याच्या पंजाखाली झाकला गेला.

"त्याला नको बोलावूस," तो म्हणाला. "तिथे काही नाही, पोरा. देवाशपथ सांगतो. तिथे आता काही नाही."

माणसाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, उलट थोडी लाजच होती.

"तेही म्हणाला होता तो," माणूस म्हणाला. "माझं नाव घेतलंस की म्हातारा म्हणेल, तिथे काही नाही."

त्याने वेंडेलच्या हाताखालून नकाशा हलकेच ओढून घेतला, आभार मानले आणि खिशातला फोन काढत तो दाराकडे गेला.